गुरुत्वाकर्षणाचे ऊष्मागतिक स्वरूप : प्रा. थानू पद्मनाभन ह्यांच्या संशोधनाचा परिचय

पाणी तापविता येते, ही गोष्ट इतकी परिचयाची आहे की, तिच्यात काही मूलभूत आशय दडलेला असेल अशी शंका सहसा कोणास येत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लुडविग बोल्ट्झमन ह्यांनी ह्याच साध्या अनुभवातून काढलेला निष्कर्ष पदार्थविज्ञानाच्या इतिहासात निर्णायक ठरला. पाणी वरवर पाहता सलग द्रव्य भासते. घनता, दाब आणि वेग ह्या तीन राशी कळल्या की त्याचे वर्तन द्रायुगतिकीच्या समीकरणांनी उत्तम प्रकारे वर्तविता येते. मग त्याला दिलेली उष्णता साठविली जाते कोठे? खरोखर सलग असलेल्या द्रव्यात तिला ठाव नाही. ती रेणूंच्या गतीत साठविली जाते, असे बोल्ट्झमन ह्यांचे उत्तर होते. रेणू त्या वेळी कोणी पाहिलेले नव्हते, आणि अनेक विद्वानांना ते मान्यही नव्हते. तरीही तापमान आणि उष्णता ह्या दोन स्थूल राशींच्या मोजमापावरून सूक्ष्म घटकांच्या अस्तित्वाचे अनुमान करता येते, किंबहुना त्यांची संख्याही ठरविता येते, हे त्यांच्या विचारसरणीने दाखवून दिले.

हेच अनुमान अवकाश-कालालाही लागू पडते काय? प्रा. थानू पद्मनाभन (१९५७–२०२१) ह्यांच्या शेवटच्या दोन दशकांतील संशोधनाचा गाभा ह्या प्रश्नात आहे. प्रश्न केवळ तात्त्विक कुतूहलाचा नाही. त्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर गुरुत्वाकर्षणाचा पुंजसिद्धान्त रचण्यासाठी अनेक दशके चाललेल्या प्रयत्नांची दिशाच पुन्हा तपासावी लागेल. म्हणून ह्या संशोधनातील युक्तिवाद, त्याची सिद्ध झालेली अंगे आणि त्याच्या मर्यादा ह्यांचा क्रमाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

१. कार्यक्षेत्र व पूर्वपीठिका

पद्मनाभन ह्यांचा जन्म तिरुवनंतपुरम येथे झाला. व्यापक सापेक्षता सिद्धान्तावरील त्यांचा पहिला शोधनिबंध १९७७ साली, म्हणजे ते पदवीचे विद्यार्थी असतानाच, प्रसिद्ध झाला. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. जयंत नारळीकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९८३ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुंज-विश्वरचनाशास्त्र हा त्या काळातील त्यांचा विषय होता, आणि १९८६ मध्ये ह्या गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षण, गेज सिद्धान्त व पुंज-विश्वरचनाशास्त्र ह्यांवर संयुक्तपणे ग्रंथ लिहिला. १९९२ मध्ये ते पुण्यातील आयुका ह्या संस्थेत आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. त्यांचा शिष्यवर्गही बव्हंशी तेथेच तयार झाला. १९९६ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक आणि २००७ मध्ये पद्मश्री मिळाली.

ज्या भूमीवर त्यांनी आपली मांडणी उभारली ती भूमी १९७० नंतरच्या दशकात तयार झालेली होती. १९७१ मध्ये स्टीफन हॉकिंग ह्यांनी असे सिद्ध केले की, अभिजात भौतिकीच्या मर्यादेत कृष्णविवराच्या क्षितिजाचे क्षेत्रफळ कधीही घटत नाही. एन्ट्रॉपीशी असलेले हे साम्य जेकब बेकेनस्टाइन ह्यांनी गंभीरपणे घेतले आणि कृष्णविवराला क्षेत्रफळाच्या प्रमाणात एन्ट्रॉपी असते असे प्रतिपादन केले. एन्ट्रॉपी आणि ऊर्जा दोन्ही असतील तर तापमानही असलेच पाहिजे. पण ज्यातून काहीच बाहेर पडत नाही त्याला तापमान कसले? ही अडचण हॉकिंग ह्यांनीच १९७४ मध्ये सोडविली. कृष्णविवराच्या पार्श्वभूमीवर पुंजक्षेत्रांचा विचार केला असता त्यातून उष्णतेचे प्रारण बाहेर पडते, असे त्यांनी दाखविले. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान सुमारे ६ भागिले १० कोटी केल्व्हिन येते, आणि त्याची एन्ट्रॉपी बोल्ट्झमन-स्थिरांकाच्या एककात १० च्या ७७ व्या घाताएवढी भरते. एन्ट्रॉपीचे सूत्र अत्यंत सुटसुटीत आहे : क्षितिजाचे क्षेत्रफळ भागिले प्लांक-लांबीच्या वर्गाची चौपट. प्लांक-लांबी म्हणजे सुमारे १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात इतके मीटर.

२. तापमान हे केवळ कृष्णविवराचे नव्हे

कृष्णविवर ही असाधारण वस्तू आहे. तेव्हा तिचे गुणधर्मही असाधारण असावेत आणि त्यांवरून सामान्य अवकाश-कालाविषयी काही अनुमान काढणे योग्य नव्हे, असे कोणी म्हणू शकेल. ह्या शंकेला १९७६ मध्ये विल्यम अन्रू ह्यांच्या निष्कर्षाने उत्तर दिले. पूर्णपणे सपाट व रिकाम्या अवकाशात स्थिर त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकाला निर्वात थंड आढळत नाही. त्याच्या त्वरणाच्या प्रमाणात त्याला तापमान जाणवते. अशा निरीक्षकाच्या मागे एक क्षितिज असते, कारण काही अंतरापलीकडून निघालेला प्रकाश त्याला कधीच गाठू शकत नाही. अर्थात तापमानाचा संबंध कृष्णविवराच्या वस्तुमानाशी नसून क्षितिजाशी आहे, आणि योग्य त्वरण असलेला निरीक्षक घेतला की अवकाश-कालाच्या कोणत्याही बिंदूजवळ क्षितिज कल्पिता येते.

ह्याचे गमक पुढीलप्रमाणे सांगता येईल. क्षितिजालगतच्या भूमितीत काल-निर्देशकाला कल्पित संख्येचे मूल्य दिले असता ती भूमिती सामान्य प्रतलाच्या भूमितीसारखी होते आणि काल हा तिच्यात कोनाची भूमिका घेतो. कोन एका पूर्ण फेऱ्यानंतर मूळ स्थानी परत येतो. म्हणून कल्पित काल आवर्ती ठरतो. दुसऱ्या बाजूने, पुंज-सांख्यिकीत तापमान असलेल्या कोणत्याही प्रणालीचे लक्षण हेच की, तिचे वर्णन कल्पित कालात आवर्ती असते आणि आवर्तनाची लांबी तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. दोन्ही विधाने एकत्र केली की क्षितिजाला तापमान येते, आणि ते क्षितिजाच्या पृष्ठ-गुरुत्वाच्या प्रमाणात असते.

१९९९ मध्ये पद्मनाभन आणि के. श्रीनिवासन ह्यांनी हाच निष्कर्ष संमिश्र मार्गांच्या पद्धतीने मिळविला. कणाची क्रिया क्षितिजाशी अनंत होते. त्या बिंदूला संमिश्र प्रतलातून वळसा घालून ती मोजली असता बाहेर पडण्याची आणि आत शोषले जाण्याची संभाव्यता ह्यांचे गुणोत्तर नेमके बोल्ट्झमन-गुणकाइतके येते. ह्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, तिला कृष्णविवराच्या निर्मितीचा इतिहास लागत नाही. क्षितिजालगतची भूमिती पुरते.

ही तापमाने व्यवहारात अत्यल्प आहेत हे खरे. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गुरुत्वत्वरणाइतक्या त्वरणाला मिळणारे तापमान सुमारे ४ गुणिले १० चा उणे २० वा घात केल्व्हिन आहे, आणि १ केल्व्हिनसाठी दर सेकंदाच्या वर्गाला सुमारे २.५ गुणिले १० चा २० वा घात मीटर इतके त्वरण हवे. परंतु तत्त्वाचा प्रश्न राशीच्या लहानमोठेपणावर अवलंबून नसतो. अवकाश-काल तापू शकतो एवढे मान्य झाले की बोल्ट्झमन ह्यांचा प्रश्न टाळता येत नाही.

३. क्षेत्रसमीकरणांचे रूपांतर

येथवरचा विचार अनेकांना मान्य होता. पद्मनाभन ह्यांचे स्वतंत्र कार्य ह्यापुढे सुरू होते. क्षितिजाचे तापमान काढताना आइन्स्टाइन ह्यांची क्षेत्रसमीकरणे लागत नाहीत. ते केवळ भूमितीवरून व पुंजक्षेत्रावरून निघते. तेव्हा क्षेत्रसमीकरणांचा ऊष्मागतिकीशी काही संबंध आहे काय, हा वेगळा प्रश्न उरतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी गोलीय सममिती असलेल्या अवकाश-कालासाठी त्याचे थेट उत्तर दिले. युक्तिवाद इतका अल्प आहे की, पदव्युत्तर विद्यार्थ्याला तो एका बैठकीत पडताळून पाहता येईल.

प्रकाशवेग, गुरुत्वस्थिरांक आणि प्लांक-स्थिरांक ह्यांचे मूल्य एक मानावे. ज्या भूमितीत काल-घटक व त्रिज्या-घटक हे दोन्ही त्रिज्येच्या एकाच फलनाने ठरतात अशी भूमिती घ्यावी. ते फलन ज्या त्रिज्येवर शून्य होते तेथे क्षितिज असते, आणि तेथील फलनाचा विकलज भागिले पायची चौपट हे क्षितिजाचे तापमान होय. आता क्षेत्रसमीकरणाचा त्रिज्या-घटक क्षितिजावर लिहिला असता त्याला साधे रूप येते : क्षितिज-त्रिज्या गुणिले विकलज ह्याचे अर्धे, उणे अर्धा, बरोबर पायची चौपट गुणिले दाब गुणिले त्रिज्येचा वर्ग. येथे दाब म्हणजे द्रव्याचा त्रिज्येच्या दिशेतील दाब.

ह्या समीकरणात ऊष्मागतिकीचा मागमूस नाही. परंतु क्षितिजाची त्रिज्या किंचित वाढली अशी कल्पना करून दोन्ही बाजूंना त्या वाढीने गुणले, तर प्रत्येक पदाला अर्थ प्राप्त होतो. पहिले पद तापमान गुणिले ‘पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग’ ह्या राशीतील वाढ असे लिहिता येते, आणि ती राशी म्हणजे क्षितिजाच्या क्षेत्रफळाचा चौथा हिस्सा, अर्थात बेकेनस्टाइन-हॉकिंग एन्ट्रॉपी. दुसरे पद अर्ध्या त्रिज्येतील वाढ आहे. अर्धी त्रिज्या ही कृष्णविवराची ऊर्जा होय. उजवी बाजू दाब गुणिले घनफळातील वाढ आहे. म्हणजेच :

तापमान × एन्ट्रॉपीतील वाढ − ऊर्जेतील वाढ = दाब × घनफळातील वाढ.

हा ऊष्मागतिकीचा सुपरिचित संबंध होय. एन्ट्रॉपीच्या सूत्रातील चौथा हिस्सा येथे बाहेरून आणून बसविलेला नाही. तापमान भूमितीवरून ठरल्यावर तो समीकरणातूनच बाहेर पडतो.

ह्या निष्कर्षाची तुलना थिओडोर जेकबसन ह्यांच्या १९९५ मधील कार्याशी करणे अपरिहार्य आहे. जेकबसन ह्यांनी एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते हे गृहीत धरून, प्रत्येक बिंदूजवळच्या स्थानिक क्षितिजाला उष्णता आणि एन्ट्रॉपी ह्यांचा क्लॉसियस-संबंध लावला आणि त्यातून आइन्स्टाइन-समीकरणे मिळविली. पद्मनाभन ह्यांची वाट उलटी आहे. ते समीकरणांपासून निघतात व ती ऊष्मागतिक तादात्म्य आहेत असे दाखवितात. ह्या दिशेचा लाभ पुढे स्पष्ट झाला. कॉर्नेलियस लांझोस व डेव्हिड लव्हलॉक ह्यांच्या नावाने ओळखले जाणारे व्यापक गुरुत्वसिद्धान्त चाराहून अधिक मितींत आइन्स्टाइन-सिद्धान्तापेक्षा वेगळे असतात, आणि त्यांत एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात नसते. तरीही असीम परांजपे व सुदीप्त सरकार ह्यांच्यासह २००६ मध्ये केलेल्या कार्यात त्यांनी दाखविले की, त्या सिद्धान्तांतही क्षितिजावरील समीकरण हेच रूप घेते आणि त्यात त्या त्या सिद्धान्ताची योग्य एन्ट्रॉपी आपोआप येते. एका विशिष्ट सिद्धान्तापुरता हा योगायोग असता तर तो येथे टिकला नसता.

पुढे २०११ मध्ये त्यांनी कोणत्याही प्रकाशपृष्ठावर, म्हणजे प्रकाशकिरणांनीच विणलेल्या पृष्ठावर, क्षेत्रसमीकरणांचा प्रक्षेप घेतला असता तो द्रायुगतिकीतील नाव्हिए-स्टोक्स समीकरणाचे रूप धारण करतो, असे सिद्ध केले. कृष्णविवराच्या क्षितिजापुरते असे साम्य तिबो दामूर ह्यांनी पूर्वीच दाखविले होते. येथे ते सर्वसाधारण प्रकाशपृष्ठापर्यंत पोहोचले.

४. क्रियेतील उपेक्षित पद

गुरुत्वाकर्षणाच्या क्रियेचे एक विलक्षण वैशिष्ट्य अध्यापनात बहुधा दुर्लक्षित राहते. आइन्स्टाइन-हिल्बर्ट क्रियेचे दोन भाग पाडता येतात : एक आकारमानावर पसरलेला आणि दुसरा केवळ सीमेवरील पृष्ठावर येणारा. क्षेत्रसमीकरणे पहिल्या भागातून निघतात. दुसरा भाग अडचणीचा म्हणून गाळला जातो, किंवा त्याला रद्द करणारे पद मुद्दाम जोडले जाते. परंतु हाच टाकून दिलेला भाग क्षितिजावर मोजला तर त्यातून क्षितिजाची एन्ट्रॉपी मिळते. जो भाग समीकरणांना अनावश्यक म्हणून वगळला, त्याला समीकरणांच्या उत्तराशी निगडित असलेली एन्ट्रॉपी कशी ठाऊक असावी?

पद्मनाभन ह्यांचे उत्तर असे की, हे दोन भाग परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. आकारमानी भागाचे मापक-प्रदिशाच्या विकलजांसापेक्ष विकलन केले की पृष्ठीय भाग एका निश्चित नियमाने मिळतो. दोन्हींत एकच माहिती वेगळ्या रूपात साठविलेली आहे. २००६ मध्ये अयन मुखोपाध्याय ह्यांच्यासह त्यांनी हा संबंध लांझोस-लव्हलॉक सिद्धान्तांतही टिकतो असे दाखविले. तेव्हा आकारमानातील गतिकी पृष्ठावर वाचता येते, हे विधान गुरुत्वाकर्षणाच्या क्रियेच्या रचनेतच अंतर्भूत आहे.

५. सूक्ष्म घटकांची मोजणी

वायूच्या बाबतीत बोल्ट्झमन ह्यांची पद्धत घटकांची संख्याही देते. ऊर्जेच्या समविभाजनानुसार प्रत्येक स्वातंत्र्यमात्रेच्या वाट्याला बोल्ट्झमन-स्थिरांक गुणिले तापमान ह्याचे अर्धे इतकी ऊर्जा येते. म्हणून ऊर्जा व तापमान मोजले की स्वातंत्र्यमात्रांची संख्या कळते. २०१० मध्ये पद्मनाभन ह्यांनी हीच मोजणी स्थितिशील अवकाश-कालासाठी केली. निष्पत्ती अशी की, कोणत्याही योग्य बंदिस्त पृष्ठावर स्वातंत्र्यमात्रांची संख्या त्या पृष्ठाचे क्षेत्रफळ भागिले प्लांक-लांबीचा वर्ग इतकी असते.

ह्याचा पडताळा पृथ्वीच्या उदाहरणावरून घेता येईल. पृथ्वीचे पृष्ठफळ सुमारे ५.१ गुणिले १० चा १४ वा घात चौरस मीटर आहे. त्याला प्लांक-लांबीच्या वर्गाने भागता सुमारे २ गुणिले १० चा ८४ वा घात ही संख्या येते. पृष्ठभागावरील त्वरणाचे अन्रू-तापमान वर दिल्याप्रमाणे १० च्या उणे २० व्या घाताच्या चौपट केल्व्हिन आहे. संख्येच्या निम्म्याला बोल्ट्झमन-स्थिरांकाने व ह्या तापमानाने गुणले असता सुमारे ५.४ गुणिले १० चा ४१ वा घात ज्यूल मिळतात. पृथ्वीचे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग ह्याचे मूल्यही तेवढेच आहे. पृथ्वीच्या पृष्ठाऐवजी तिच्याभोवती दुप्पट त्रिज्येचा गोल घेतला तर क्षेत्रफळ चौपट होते व तापमान चौथाई होते. गुणाकार बदलत नाही.

ह्या उदाहरणातच टीकेचे बीजही आहे. गुणाकारात प्लांक-स्थिरांक तापमानात अंशस्थानी व संख्येत छेदस्थानी येतो आणि उडून जातो. क्षेत्रफळ व त्वरण ह्यांचा गुणाकार वस्तुमान देतो ही तर न्यूटन-सिद्धान्तातील गाउसच्या नियमाचीच दुसरी मांडणी. मग येथे नवीन काय कळले? हा आक्षेप महत्त्वाचा आहे, आणि सर्व टीकाकारांचे समाधान झालेले आहे असे म्हणता येणार नाही. पद्मनाभन ह्यांच्या बाजूने इतके म्हणता येते की, वायूच्या स्थूल समीकरणातही रेणूंची संख्या व एका रेणूच्या वाट्याची ऊर्जा स्वतंत्रपणे दिसत नाहीत, फक्त त्यांचा गुणाकार दिसतो. सूक्ष्म घटकांचे स्थिरांक स्थूल नियमात लपून राहावेत हेच अपेक्षित आहे. शिवाय तापमान हे ह्या गणितासाठी कल्पिलेले नसून पुंजक्षेत्र-सिद्धान्तातून स्वतंत्रपणे सिद्ध झालेले आहे. तरीही ही मोजणी घटकांची संख्या सांगते, त्यांचे स्वरूप सांगत नाही, ही मर्यादा उरतेच. ऊष्मागतिकीचे सामर्थ्य व तिची उणीव एकाच ठिकाणी असतात : घटक कोणते हे न कळताही तिचे नियम खरे ठरतात, आणि म्हणूनच त्या नियमांवरून घटक कोणते हे ठरविता येत नाही.

६. निर्वाताच्या ऊर्जेचा प्रश्न

ह्या दृष्टिकोनाची खरी कसोटी विश्वस्थिरांकाच्या प्रश्नात लागते. द्रव्याच्या लाग्रांजियनमध्ये एखादी स्थिर संख्या मिळविली तर द्रव्याच्या समीकरणांत काहीही फरक पडत नाही. ऊर्जेचे शून्य कोठे धरावे ही केवळ सोय असते. परंतु गुरुत्वाकर्षणाला मात्र ही मिळविलेली संख्या जाणवते आणि ती विश्वस्थिरांकाचे रूप घेते. पुंजक्षेत्रांच्या निर्वात-ऊर्जेचा सरळ अंदाज घेतला तर हा स्थिरांक प्रचंड यावयास हवा. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दिसून आले, आणि त्यासाठी लागणारा विश्वस्थिरांक प्लांक-एककात १० च्या उणे १२२ व्या घाताच्या आसपास आहे. २००३ मध्ये ह्या प्रश्नावर पद्मनाभन ह्यांनी लिहिलेला विस्तृत समीक्षालेख अभ्यासकांत सर्वत्र वाचला गेला.

त्यांचे निदान असे की, दोष मापक-प्रदिशाला मूलभूत चल मानण्यात आहे. त्याऐवजी प्रत्येक बिंदूतून जाणाऱ्या सर्व प्रकाशपृष्ठांची उष्णता-घनता घ्यावी, तीत द्रव्याचा व भूमितीचा वाटा मिळवावा आणि पृष्ठे ठरविणारे प्रकाशसदिश बदलून ही बेरीज चरम करावी. ही अट सर्व प्रकाशसदिशांसाठी घातली की आइन्स्टाइन-समीकरणेच मिळतात. परंतु प्रकाशसदिशाची लांबी शून्य असल्याने ऊर्जेत मिळविलेली कोणतीही स्थिर राशी ह्या बेरजेतून आपोआप गळून पडते. निर्वाताच्या ऊर्जेचे शून्य हलविले तरी गुरुत्वाकर्षणाला त्याचा पत्ता लागत नाही. विश्वस्थिरांक नाहीसा होत नाही, पण तो समीकरणे सोडविताना येणारा संकलन-स्थिरांक बनतो.

अर्थात संकलन-स्थिरांकाचे मूल्य समीकरण सांगत नाही. ते ठरविण्यास वेगळे तत्त्व हवे. २०१२ मध्ये पद्मनाभन ह्यांनी विश्वाच्या प्रसरणाचेच समविभाजनाच्या भाषेत वर्णन केले : विश्वाच्या घनफळाची वाढ पृष्ठावरील व आकारमानातील स्वातंत्र्यमात्रांच्या संख्येतील फरकाच्या प्रमाणात होते, आणि हा फरक शून्याकडे जाऊ लागला की विश्व विश्वस्थिरांकाच्या प्रभावाखालील अंतिम अवस्थेला पोहोचते. पुढे हंसा पद्मनाभन ह्यांच्यासह २०१७ मध्ये त्यांनी निरीक्षकाला उपलब्ध होणारी एकूण विश्वमाहिती सान्त असते ह्या गृहीतावरून विश्वस्थिरांकाचे मूल्य बांधण्याचा प्रयत्न केला. पहिला भाग, म्हणजे निर्वात-ऊर्जेपासून गुरुत्वाकर्षणाला मुक्त करणे, हा त्यांच्या मांडणीचा तर्कशुद्ध परिणाम आहे; मूल्य ठरविण्याचा दुसरा भाग हा जादा गृहीतावर आधारलेला आहे. दोहोंचे वजन सारखे मानणे न्याय्य होणार नाही.

७. किमान लांबी

सूक्ष्म घटक असतील तर त्यांची खूण अवकाश-कालाच्या भूमितीत कोठे तरी दिसली पाहिजे. १९९७ मध्ये पद्मनाभन ह्यांनी असे तत्त्व सुचविले की, पुंजसिद्धान्तातील मार्गांच्या बेरजेत लांबी आणि तिचा व्युत्क्रम ह्यांना समान स्थान द्यावे. परिणामी दोन बिंदूंमधील अंतराच्या वर्गात प्लांक-लांबीच्या वर्गाच्या प्रमाणातील एक स्थिर राशी मिळविल्यासारखे होते आणि दोन बिंदू एकरूप झाले तरी अंतर शून्य होत नाही. २०१४ मध्ये दाऊद कोठावाला ह्यांच्यासह केलेल्या कार्यात ह्या किमान लांबीसह वक्रता मोजून नंतर ती लांबी शून्याकडे नेली गेली. तेव्हा नेहमीची वक्रता परत न येता, प्रकाशपृष्ठाच्या चलनतत्त्वात जी एन्ट्रॉपी-घनता गृहीत धरली होती तीच राशी शिल्लक राहिली. दोन वेगळ्या दिशांनी केलेला विचार येथे एकत्र येतो, आणि ह्या संशोधनमालेतील हा दुवा पुढील अभ्यासाला विशेष आवाहन करणारा आहे.

८. मूल्यमापन

ह्या कार्याचे महत्त्व ठरविताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. क्षेत्रसमीकरणांची ऊष्मागतिक रूपे ही गणिती सिद्धी आहे. ती कोणताही अर्थ लावला तरी खरी आहे. गुरुत्वाकर्षण हे स्थितिस्थापकतेप्रमाणे सूक्ष्म घटकांतून उद्भवलेले स्थूल वास्तव आहे, हा त्या सिद्धीचा अर्थ आहे; तो सुसंगत आहे, परंतु एकमेव नव्हे. आणि ते सूक्ष्म घटक कोणते, हा प्रश्न अद्याप खुला आहे.

प्रयोगाची स्थितीही स्पष्टपणे ध्यानात घ्यावी लागते. ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवरांचे हॉकिंग-तापमान विश्वातील सूक्ष्मतरंग-प्रारणाच्या २.७ केल्व्हिनपेक्षा कितीतरी कमी असल्याने त्यांचे प्रारण आढळण्याची आशा नाही. क्षितिजाच्या क्षेत्रफळाविषयी मात्र पुरावा मिळू लागला आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदलेल्या गुरुत्वतरंगांचे २०२१ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले त्यात, दोन कृष्णविवरांच्या मीलनानंतरचे क्षेत्रफळ पूर्वीच्या बेरजेपेक्षा कमी नाही, हा हॉकिंग-सिद्धान्त निरीक्षणाशी जुळणारा आढळला. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिलेला लायगो-इंडिया प्रकल्प हिंगोली जिल्ह्यात साकार झाल्यावर अशा मोजमापांत मराठवाड्याच्या भूमीवरील यंत्राचाही वाटा असेल. तथापि ही कसोटी क्षेत्रफळाची आहे, तापमानाची नव्हे, आणि सूक्ष्म घटकांची तर नव्हेच.

तरीही ह्या संशोधनाने उपस्थित केलेला प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. स्फटिकाच्या स्थितिस्थापकतेच्या समीकरणांना पुंजसिद्धान्ताचे नियम लावले तर फोनॉन मिळतात, अणू मिळत नाहीत. फोनॉन खरे असतात व उपयुक्तही असतात. पण स्फटिक कशाचा बनला आहे हे त्यांवरून कळत नाही. गुरुत्वाकर्षणाचे क्षेत्रसमीकरण त्याच जातीचे असेल, तर मापक-प्रदिशाला थेट पुंजरूप देऊन फार तर ग्रॅव्हिटॉन हाती लागतील, अवकाश-कालाचे घटक नव्हेत. पुंजगुरुत्वाच्या कोणत्याही भावी सिद्धान्ताला पुढे दोन गोष्टींचे स्पष्टीकरण द्यावे लागेल : क्षितिजाच्या एन्ट्रॉपीचे मूल्य, आणि स्थूल पातळीवर गुरुत्वाकर्षणाची समीकरणे ऊष्मागतिकीच्या भाषेत इतक्या सहजतेने का लिहिता येतात. पहिली अट बऱ्याच काळापासून सर्वमान्य आहे. दुसरी अट विषयपत्रिकेवर आणून ठेवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात प्रा. पद्मनाभन ह्यांना द्यावे लागते. १७ सप्टेंबर २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. गुरुत्वाकर्षणावरील त्यांच्या २०१० मधील पाठ्यग्रंथात क्रियेचे पृष्ठीय पद व क्षितिजांची ऊष्मागतिकी ह्यांची सविस्तर चर्चा आहे. गोलीय सममितीचा तिसऱ्या भागात दिलेला युक्तिवाद स्वतः करून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तेथून ह्या विषयात प्रवेश करणे कठीण जाणार नाही.